कातर आणि पत्रा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. इतिहास म्हटला कीं लढाया, तह, सनदा आणि बखरी यांची अपेक्षा असते, आणि मी तर पत्रा कापण्याच्या कातरीविषयीं बोलणार आहें. परंतु ज्या लेखांवर आपण इतिहासाची इमारत उभारतों, त्यांतील कित्येक लेख तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले आहेत. आणि तो पत्रा कोणा कारागिरानें हातानें ठोकून, हातानें कापून तयार केला होता. पुण्याचेंच उदाहरण घ्यावें. या शहराच्या नांवाचा जुन्यांत जुना उल्लेख राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या ताम्रपटांत मिळतो. इसवी सन ७५८ च्या पटांत ‘पुण्य विषय’ असें म्हटलें आहे आणि ७६८ च्या पटांत ‘पूनक विषय’ असें. विषय म्हणजे त्या काळचा प्रांत. या नांवाच्या व्युत्पत्तीवर आमच्या विद्वानांनीं पुष्कळ शाई खर्ची घातली आहे; पण ज्यानें तो पत्रा सारख्या जाडीचा केला आणि त्याचे कोपरे साधले, त्याची आठवण कोणी काढीत नाहीं. आज ती थोडीशी काढावी असा माझा मानस आहे.

मी मुळशी तालुक्यांत, पौडच्या जवळ राहतों. मास्तरकी संपल्यावर घराच्या पडवींत मीं हत्यारांची एक लहानशी जागा केली: एक बाभळीचा ओंडका, त्यावर ऐरणीच्या जागीं रुळाचा तुकडा, दोन कातरी, तीन छिन्न्या, लांकडी मोगरी, कानस आणि शाळेंतील फळ्यावर वापरून जुना झालेला कंपास. हा नाद हौसेनें लागला नाहीं, गरजेनें लागला. ताम्हिणीच्या घाटाला टेकलेल्या आमच्या या मुलखांत पाऊस एकदां सुरू झाला म्हणजे पागोळ्यांखालची भिंत महिनाभरांत भिजून फुगते. म्हणून वळचणीला पत्र्याची पन्हळ लागते. आणि बारा फुटांच्या पन्हळीसाठीं पुण्याहून कारागीर येत नाहीं. आला तरी त्याचें भाडें पन्हळीहून अधिक होतें. तेव्हां वैशाखांत आपणच कातर हातीं घ्यावी, हें बरें.

पहिल्या वर्षीं मीं जो पत्रा कापला, त्याची कड सुरीच्या दांत्यांसारखी झाली होती. दोन बोटें कापून घेतलीं तीं निराळींच. शेवटीं लाज सोडली आणि पुण्यास कसबा पेठेंतील तांबट आळींत शिकावयास गेलों.

तांबट आळी ही नुसती गल्ली नव्हे. तेथील त्वष्टा कासार मंडळींचीं घरें हेच त्यांचे कारखाने. खालीं ओटीवर आणि माजघरांत ऐरणी, वर बिऱ्हाड. देवांचा कारागीर जो वैदिक त्वष्टा, ज्यानें इंद्राचें वज्र घडविलें, त्याचें नांव या समाजानें धारण केलें आहे. आपले पूर्वज कोकणांतून घाट चढून वर आले आणि पेशवाईच्या वैभवाबरोबर पुण्यांत स्थिरावले, अशी परंपरा त्यांच्यांत सांगतात. हंडे, घागरी, घंगाळीं, तपेलीं आणि पुणेरी न्हाणीघराचा तो थोरला बंब, हें सारें या आळींतून बाहेर पडे. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरानेंही तांब्यापितळेच्या भांड्यांचें काम शहराच्या मुख्य धंद्यांत गणलें आहे.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आपल्याला वाटतें, आधीं पत्रा असतो आणि मग त्याचें भांडें होतें. हजारों वर्षें तसें नव्हतें. तांबटापाशीं येई तो तांब्याचा ढेप किंवा कांब. ती तापवून, ठोकून, पुन्हां तापवून तो पत्रा करी. तांबें ठोकल्यानें कडक होतें आणि आणखी ठोकलें तर तडकतें. लाल होईपर्यंत तापविलें कीं पुन्हां मऊ होतें. पोलाद तापवून पाण्यांत बुडविलें तर तें अधिकच कडक होतें, पण तांब्याला पाण्यांत बुडविण्याचें भय नाहीं. तें मऊच राहतें. हा भेद विज्ञानाच्या पुस्तकांत येण्यापूर्वीं कित्येक शतकें तांबटाच्या पोरांस ठाऊक होता. या सगळ्या व्यवहारांत कापण्याचें काम थोडें. कड वेडीवांकडी झाली तर छिन्नीनें उडवावी, इतकेंच. खरी विद्या जाडी सारखी राखण्याची. आवाजावरून पत्रा कोठें पातळ झाला हें ओळखणारे लोक होते.

तें तांबें तरी आपल्या मुलखांतलें कोठें होतें? महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणांत तें जवळजवळ नाहींच. सतराव्या आणि अठराव्या शतकांत डच व्यापारी जपानांतून तांब्याच्या कांबी आणून सुरतेस आणि इतर बंदरांत विकीत. पुढें इंग्रजांचें तांबें आलें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत एक मोठा फरक घडून आला. लढाऊ जहाजांच्या लांकडी तळाला समुद्रांतील किडा पोखरी. त्यावर उपाय म्हणून तळाला तांब्याचे पत्रे ठोकण्यास त्यांनीं आरंभ केला. १७६१ सालीं ‘अलार्म’ नांवाच्या एका जहाजावर प्रयोग झाला, आणि १७७९ च्या सुमारास सगळ्या आरमाराला तांबें चढविण्याचें ठरलें. इतके पत्रे हातोड्यानें कोण ठोकणार? ते दोन रुळांमधून दाबून काढीत. जहाजांसाठीं वाढलेला हा धंदा मग भांड्यांसाठींही पत्रे पुरवूं लागला, आणि एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांत उतरलेले ते गुळगुळीत, एकाच जाडीचे पत्रे खंडाळ्याचा घाट चढून पुण्यास येऊं लागले.

या पत्र्यांनीं तांबटाचा धंदा बुडविला, असें सरसकट म्हणण्याची चाल आहे. मला तें तितकेंसें पटत नाहीं. धंदा बुडाला नाहीं. त्याचें पहिलें पाऊल बदललें. जो पूर्वीं ठोकण्यानें आरंभ करी, तो आतां कापण्यानें आरंभ करूं लागला. छिन्नी मागें पडली आणि कातर पुढें आली. घरच्या ओटीवर दोन माणसांना जमेल एवढें काम वाढलें, कारण ढेप ठोकून पत्रा करण्यास चार घणकरी लागत, पत्रा कापण्यास एकटा पुरे. जें गेलें तें हेंच कीं जाडी राखण्याची विद्या हळूहळू विसरली गेली. तोटा झाला हें खरें, पण कोठें झाला तें नेमकें सांगावें.

मला शिकविणारे गृहस्थ वयानें माझ्याहून मोठे होते. मी त्यांना काका म्हणें, ते मला गुरुजी म्हणत. शिकविणारे ते आणि गुरुजी मी, याचें त्यांस फार हंसूं येई. त्यांची कातर हातभर लांब होती. तिचा एक दांडा कांटकोनांत वांकवून ओंडक्याच्या भोंकांत रोवलेला, आणि दुसऱ्या दांड्यावर ते हाताचाच नव्हे तर अंगाचा भार टाकीत. शिंप्याची कात्री दोन बोटांवर चालते. पत्र्याची कातर खांद्यावर चालते. त्यांनीं पहिलाच धडा दिला, तो असा: “गुरुजी, कातरीला पुरता घांस गिळूं द्यायचा नाहीं. तोंड मिटायच्या आधींच पुढें सरकवायची.” माझ्या दांतेरी कडेचें मर्म हेंच होतें. पातीं टोंकापर्यंत मिटलीं कीं तेथें पत्र्याला एक बारीक चीर आणि मुरड पडते. पुढचा घांस त्या चिरेपासून सुरू होतो, आणि कड बिघडत जाते. पातीं पाऊण मिटावीं, पुढें ढकलावीं, पुन्हां उघडावीं. म्हणजे एकच अखंड काप होतो.

दुसरा धडा संयमाचा. रेघेवर एकदम कापूं नये. प्रथम रेघेबाहेर बोटभर जागा सोडून ओबडधोबड कापावें, आणि मग रेघेवर शेवटचा काप घ्यावा. असें केल्यानें जो वाया जाणारा भाग तो अरुंद पट्टी होऊन आपोआप वर गुंडाळत जातो आणि कातरीच्या वाटेंतून दूर होतो. रुंद असला तर तो अडून बसतो आणि चांगला भागही वांकवितो. भोंक पाडावयाचें असेल तर आधीं शिशाच्या किंवा लांकडाच्या ठोकळ्यावर छिन्नीनें वाट करावी. आणि कापण्यापूर्वीं कागदाचा नमुना करावा. याला त्यांचा शब्द ‘बेतणें’, शिंप्याचाच. ज्यानें बेतलें नाहीं त्यानें कापूं नये, असें ते म्हणत. पुष्कळ गृहस्थांनीं संसारांतही हें ऐकावयास हरकत नाहीं.

या बेतण्यांत जें गणित आहे त्यानें माझ्यासारख्या जुन्या मास्तराला फारच गुंगविलें. हंड्याच्या बुडासाठीं चोवीस इंचांची चकती पाहिजे. चोवीस इंचांच्या चौकोनाचें क्षेत्रफळ ५७६ चौरस इंच, त्यांतील वर्तुळाचें ४५२. म्हणजे १२४ चौरस इंच, एक पंचमांशाहून अधिक तांबें, कातरणांत गेलें. मी मुलांकडून हें गणित वर्षानुवर्षें पाटीवर करवून घेतलें. शिल्लक राहिलेल्या कोपऱ्यांचें काय होतें, हें मला कोणी विचारलें नाहीं आणि मलाही सुचलें नाहीं. काका चकत्या चौकोनांत मांडीतच नसत. एका ओळींतील दोन चकत्यांच्या मधल्या खांचेंत ते दुसऱ्या ओळींतील चकती बसवीत, मधमाशीच्या पोळ्यासारखी. पत्रा मोठा आणि चकत्या लहान असल्या तर या मांडणींत वाया जाणारा भाग एक दशमांशाच्या आसपास येतो. एवढ्यावर ते थांबत नसत. तीन मोठ्या चकत्यांच्या मध्यें जी तिकोनी जागा राहते, तींत साडेतीन इंचांहून किंचित मोठी अशी आणखी एक चकती निघते. ती पळीच्या वाटीला जाई. मीं घरीं येऊन कागदावर हिशोब केला. तो बरोबर उतरला.

आणि तरीही जें उरे तें ‘मोड’. तांबें वजनावर विकत घेतलें जातें आणि भांडें वजनावर विकलें जातें. कातरण आणि फुटकीं भांडीं वितळविण्यासाठीं परत जातात. जुनें भांडें कासाराला मोडीच्या भावानें देऊन नवें घेण्याची चाल आपल्या घरोघरीं होती. एखादी वस्तु किंवा माणूस ‘मोडींत निघाला’ असें आपण म्हणतों, तें याच व्यवहारावरून. मात्र तांबटाच्या घरीं मोडींत निघणें म्हणजे संपणें नव्हे. तेंच तांबें पुढल्या वर्षीं लग्नाच्या घागरी होऊन पाटावर बसे.

कातरीचा हा संसार तांबट आळीपुरता राहिला नाहीं, याचें कारण घासलेट. अमेरिकेंतून येणारें हें तेल कल्हईच्या पत्र्याच्या चौकोनी डब्यांत येई. एका डब्यांत सुमारें चार गॅलन, आणि दोन डब्यांची एक लांकडी पेटी. तेल जळून जाई, डबा राही. १८९२ सालीं मार्कस सॅम्युअल नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्यानें सुवेझच्या कालव्यांतून ‘म्यूरेक्स’ या जहाजाच्या पोटांतच तेल भरून पूर्वेकडे पाठविलें. डब्यांचा खर्च वांचेल, माल स्वस्त होईल, लोक आपापलीं भांडीं घेऊन येतील, असा त्याचा बेत. लोक आलेच नाहींत. त्यांना तेलाबरोबर डबाही हवा होता, कारण त्या पत्र्यावर पूर्वेकडचीं निम्मीं घरें चालत होतीं. अखेर सॅम्युअलला पत्रा पाठवून तेथेंच डबे करवावे लागले. प्रतिस्पर्ध्याचे डबे निळे, म्हणून त्यानें आपले तांबडे रंगविले. केवढी थोरली कंपनी आणि केवढी मोठीं जहाजें, पण एका कातरीपुढें त्यांना नमावें लागलें.

आमच्या खेड्यांतील गेल्या पिढीनें या डब्यांचें काय काय केलें तें सांगूं लागलों तर वेळ पुरणार नाहीं. धान्याचे डबे, चाळण्या, किसण्या, नरसाळीं, पाणी तापविण्याची भांडीं, कोंबड्यांच्या खुराड्याचीं दारें, आणि मिणमिणणारी चिमणी. माझ्या आजीच्या घरीं तर दाराच्या फटीवर सुद्धां डब्याचा पत्रा ठोकलेला होता आणि त्यावर अर्धें परदेशी अक्षर दिसे. मी इंग्रजी अक्षरओळख प्रथम त्या दारावर केली, असें म्हटलें तरी चालेल.

छपरावरचा नालीदार पत्राही याच शतकाचा. लोखंडाच्या पत्र्याला नाल्या पाडल्या कीं तो पातळ असूनही वांकत नाहीं, या युक्तीचें पेटंट हेन्री पामर यानें लंडनमध्यें १८२९ सालीं घेतलें, आणि लोखंडावर जस्ताचा लेप देण्याचें पेटंट सोरेल या फ्रेंच माणसानें १८३७ सालीं. या दोन युक्त्या एकत्र आल्या आणि पुढें पावसाळी मुलखांचीं छपरें बदलून गेलीं. मुळशीकडे पूर्वीं गवताचीं आणि कौलांचीं घरें होतीं. १९२१ च्या १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशीं, मुळशीच्या मावळ्यांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना महाराष्ट्र सेनापति म्हणूं लागला तो याच लढ्यानें. धरण तरी १९२७ सालीं पुरें झालेंच. गांवेंच्या गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि त्या पाण्यावर भिऱ्याच्या वीजघरांत निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. वर सरकलेल्या वस्त्यांना मात्र दिवे पाहण्यास पुष्कळ वाट पाहावी लागली. ज्यांच्या नदीवर यंत्रें चाललीं ते स्वतः हातकातरीनें पत्रा कापून छप्पर शाकारीत राहिले, ही गोष्ट मला नेहमीं खुपते.

पत्रा विकत घेतांना दुकानदार ‘गेज’ विचारतो. नवख्या माणसाचा येथें हमखास घोटाळा होतो, कारण आंकडा वाढला कीं जाडी कमी होते. अठरा गेजचा पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आंतबाहेर, बावीसचा पाऊण मिलिमीटरहूनही कमी. हें मोजमाप मूळ तारेचें आहे. तार जितके वेळां भोंकांतून ओढावी तितकी ती बारीक होते, म्हणून आंकडा मोठा आणि तार लहान. इंग्लंडांत १८८४ सालीं हें माप कायद्यानें ठरविलें गेलें. साध्या हातकातरीनें लोखंडाचा अठरा गेजचा पत्रा कापणें ही माझ्या मतें माणसाच्या मनगटाची सीमा आहे. त्याहून जाड असेल तर छिन्नी घ्यावी.

विसाव्या शतकांत कातरीला एक नवें रूप आलें तें विमानांमुळें. विमानाचें अंग पातळ पत्र्याचें, त्याला वळणें फार, आणि कड जरा चिरली तर तेथून तडा जाण्याचें भय. म्हणून दुहेरी तरफेची, थोड्या जोरांत पुष्कळ कापणारी आंखूड कातर निघाली. तिच्या मुठीचा रंग तांबडा असेल तर ती डावीकडे वळते, हिरवा असेल तर उजवीकडे, पिवळा असेल तर सरळ जाते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४० सालीं बंगलोरास विमानांचा कारखाना काढला, तेव्हां हा पत्रेकामाचा नवा अवतार आपल्याही देशांत रुजला. आज ती तीन रंगांची त्रिकुटी पुण्याच्या कोणत्याही हत्यारांच्या दुकानांत मिळते. माझ्यापाशीं तांबडी आणि पिवळी आहे. हिरवी घेणें राहिलें आहे. उजवीकडचें वळण आलें कीं मी पत्राच उलटा करतों.

आतां माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. एका शाळेंत माझ्या देखरेखीखालीं पुस्तकांच्या खोलीवर पत्रे बसवावयाचे होते. पाऊस जवळ आलेला. कामकऱ्यानें विजेवर फिरणारी चकती आणली. ज्या कामाला कातरीनें दोन दिवस लागले असते तें दुपारपर्यंत उरकलें. ठिणग्यांचा पाऊस पाहून मुलें खूष झालीं, आणि दीड दिवस वांचला म्हणून मीही. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटीं कापलेल्या प्रत्येक कडेला तांबूस पट्टा दिसूं लागला. तिसऱ्या वर्षीं कडा चाळणीसारख्या झाल्या, आणि इतिहासाच्या पुस्तकांचें एक अख्खें कपाट भिजलें. कोणीं विचारलें तेव्हां ‘पत्राच हलका होता’ असें मीं सांगितलें. पत्रा हलका नव्हता.

काकांना हें सांगितलें तेव्हां त्यांनीं एका वाक्यांत निवाडा केला: “तुम्हीं कापलें नाहीं गुरुजी, तुम्हीं जाळलें.” आणि तें अक्षरशः खरें आहे. जस्ताचा लेप लोखंडाला वांचवितो तो स्वतः झिजून. कातरीनें कापतांना कडेवरचें जस्त थोडें ओढलें जाऊन उघड्या लोखंडाला पांघरूण घालतें, आणि पातळ पत्र्याची तेवढी कड शेजारचें जस्त सांभाळून घेतें. फिरती चकती मात्र इतकी तापते कीं कडेजवळचें जस्त जळून जातें. शिवाय लोखंडाचे तप्त कण पत्र्यावर सर्वत्र चिकटतात आणि प्रत्येक कण पहिल्या सरीबरोबर गंजाचा एक डाग होतो. पत्रे तयार करणारे कारखानेही म्हणूनच चकती वापरूं नका असें बजावतात. तेव्हां हातकातर ही म्हाताऱ्यांची खोड आहे, असें कोणी समजूं नये. आमच्या पावसांत ती अधिक टिकाऊ काम करते. यंत्राशीं माझें वैर नाहीं. ज्या यंत्राच्या पात्यांनीं पत्रा कातरला जातो तें मी आनंदानें वापरीन.

तांबट आळीला खरा धक्का कातरीनें दिला नाहीं आणि विलायती पत्र्यानेंही नाहीं. तो दिला दुसऱ्या धातूंनीं. १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेंत चॅटर्टन साहेबांनीं ॲल्युमिनियमचीं भांडीं करण्यास आरंभ केला. त्यांना कल्हई लागत नव्हती. मागून बिनगंजी पोलाद आलें, आणि १९६० नंतरच्या दोन दशकांत आपल्या फडताळांतील पितळ माळ्यावर गेलें. बंबाच्या जागीं विजेची टाकी आली. पंजाबांतील जंडियाला गुरु येथील ठठेऱ्यांच्या भांडीकामाची नोंद युनेस्कोनें २०१४ सालीं मानवजातीच्या वारशांत केली, ही आनंदाची गोष्ट आहे. कसबा पेठेंतही मठारकामाचीं तांब्याचीं भांडीं पुन्हां मागूं लागलेलीं गिऱ्हाइकें येतात; पण तीं बहुधा दिवाणखान्यासाठीं नेतात, न्हाणीघरासाठीं नव्हे. हातोड्यांचा तो नाद आळींत अजून ऐकूं येतो, पूर्वीपेक्षां विरळ.

काकांचा नातू संगणकाच्या कामावर आहे. त्याची कचेरी हिंजवडीस, म्हणजे आमच्याच मुळशी तालुक्यांत. तो रोज सकाळीं कसब्यांतून मुळशींत येई, आणि त्याच सुमारास मी मुळशींतून कसब्यांत जाऊन त्याच्या आजोबांच्या ओंडक्यापाशीं बसें. एकदां त्याची आणि माझी दारांतच गांठ पडली. त्यानें विचारलें, “आजोबा, तुम्हांला हें या वयांत कशाला हवें?” मीं म्हटलें, “पन्हळ गळते.” तो हंसला आणि गेला.

काका आतां थकले आहेत. मोठ्या कातरीवर भार टाकणें त्यांना जमत नाहीं. गेल्या माघांत गेलों तेव्हां त्यांनीं तिची मधली खीळ सैल झाल्याचें दाखविलें, आणि ती ऐरणीवर ठेवून, किती ठोकली म्हणजे पातीं एकमेकांस घासतात पण अडत नाहींत, तें माझ्याकडून तीनदां करवून घेतलें. चौथ्या खेपेस त्यांनीं कागदाचा एक कपटा तिच्यांत धरला. तो टोंकापर्यंत स्वच्छ कापला गेला, तेव्हां त्यांनीं मान हलविली आणि चहा मागविला.